शाकाहारी डायनोसॉरचं मॉडेल करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये एक दृश्य मी दरवर्षी बघतो. कागदाच्या लगद्याचा, मन लावून रंगवलेला पॅरासॉरोलोफस टेबलावर उभा केला जातो आणि हात काढताच नाकावर आपटतो. मग कुणी शेपटीखाली विटेचा तुकडा सरकवतं, कुणी पायांभोवती एम-सील थापतं, कुणी त्याला मागून सुतळीने भिंतीच्या खिळ्याला बांधतं. वीसेक वर्षं मुलांना अशी मॉडेलं करायला मदत केल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की दोष बहुतेक वेळा फेव्हिकॉलचा नसतो. सांगाडा काय काम करत होता हे न बघता नुसता बाहेरचा आकार केलेला असतो. मग मॉडेल एक तर पडतं, नाही तर उभं राहून चुकीची माहिती सांगतं.

शाकाहारी डायनोसॉरच्या बाबतीत हे जास्त होतं. शिंगं, मानेवरची झालर, पाठीवरच्या पाट्या, गदेसारखी शेपटी, पोकळ तुरा, हाडांचं चिलखत, असा सगळा थाट बहुतेक यांच्याकडेच. मुलांना तो आवडतो, म्हणून तो हौसेने लावला जातो आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य लिहिलं जातं: ‘शत्रूपासून संरक्षणासाठी’. त्या वाक्याकडे पुढे येऊच. आधी पडणाऱ्या मॉडेलचं बघू.

मॉडेल पुढे पडतं? शेपटी तपासा

पॅरासॉरोलोफस किंवा इग्वानोडॉनसारख्या प्राण्याचं वजन कमरेवर तोललेलं होतं. एका बाजूला धड, मान आणि डोकं, दुसऱ्या बाजूला जाड, ताठ शेपटी. कावड आठवा. एका बाजूचं मडकं रिकामं केलं तर कावड जशी कलंडेल, तसंच बारीक आणि लोंबत्या शेपटीचं मॉडेल कलंडतं.

शेपटी ताठ राहायची त्याचं कारण हाडांतच दिसतं. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. या प्राण्यांच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या कंडरा हाडासारख्या टणक झालेल्या होत्या. जीवाश्मात त्या एकमेकींवर तिरप्या टाकलेल्या काड्यांच्या जाळीसारख्या दिसतात. कुडाच्या भिंतीत कामट्या विणतात तशा. एवढी जाळी असलेली शेपटी जमिनीवर वळून पडणं शक्यच नव्हतं.

ही चूक मुलंच करतात असं समजू नका. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार गावाच्या कोळसा खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, इग्वानोडॉनचे डझनावारी सांगाडे सापडले. लुई डोलो या शास्त्रज्ञाने त्यांचा फार बारकाईने अभ्यास केला. पण उभे करताना कांगारूसारखी बैठक दिली: धड उभं, शेपटी जमिनीला टेकलेली. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात ते आजही तसेच उभे आहेत. १९८० मध्ये डेव्हिड नॉर्मन यांनी दाखवून दिलं, की ती शेपटी तशी वाकवायची तर मणके सांध्यातून निखळवावे लागतील. टणक झालेल्या कंडरा तिथेच, त्याच सांगाड्यांवर होत्या. ठशांच्या पुराव्यातही हेच दिसतं. डायनोसॉरच्या पाऊलखुणांच्या रांगा जगभर सापडल्या आहेत, पण त्यांच्यामधून शेपटी फरफटल्याची रेघ क्वचितच आढळते.

दुरुस्ती सोपी आहे. एकच जाड जीआय तार नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड घ्या. पायांची तार तिला कमरेपाशी बांधा. लगदा चढवण्याआधी तो तारेचा सांगाडा कमरेपाशी एका बोटावर तोलून बघा. तिथे तोलला गेला, की अर्धं काम झालं. शेपटीचं बूड मांडीइतकं जाड करायला कचरू नका. शेपटीच्या बुडापासून मांडीच्या हाडापर्यंत एक मोठा स्नायू जात होता आणि चालताना पाय मागे खेचण्याचं काम तो करायचा. लगदा तिथे जास्त लागला तर तो वाया जात नाही, त्या स्नायूचीच ती जागा आहे.

पाय घोरपडीसारखे फाकलेले

चार पायांच्या प्राण्यांत ही चूक जास्त दिसते, विशेषतः डिप्लोडोकससारख्या लांब मानेच्या डायनोसॉरमध्ये. ‘सरपटणारा प्राणी’ म्हटल्यावर हात आपोआप घोरपडीचे पाय करू लागतात. १९१० च्या सुमारास अमेरिकेतले ऑलिव्हर हे (Hay) आणि जर्मनीतले गुस्टाव्ह टोर्निअर हे दोघे शास्त्रज्ञही डिप्लोडोकस असाच चालत असणार म्हणून भांडत होते. विल्यम हॉलंड यांनी त्याला जे उत्तर दिलं ते मी प्रत्येक वर्गात सांगतो. डिप्लोडोकसच्या बरगड्यांचा पिंजरा इतका खोल आहे, की पाय असे फाकवले तर पोट जमिनीखाली जाईल. म्हणजे बिचाऱ्याला आयुष्यभर चरातूनच चालावं लागेल!

मुलांना हे करून दाखवा. मातीचं धड करा, पाय बाजूला फाकवा आणि पोट टेबलाला टेकतं का बघा. मग कमरेचं हाड दाखवा. बहुतेक डायनोसॉरच्या खुब्याची खोबण वाटीसारखी बंद नसते, आरपार भोक असतं. मांडीच्या हाडाचं डोकं आत वळून त्या भोकात बसतं, त्यामुळे पाय धडाच्या थेट खाली खांबासारखा येतो.

मात्र खांबासारखा म्हणून हत्तीचा पाय लावू नका. लांब मानेच्या डायनोसॉरच्या पुढच्या पायात तळहाताची हाडं उभी, अर्धवर्तुळात, नळीसारखी रचलेली असतात. त्याला हत्तीसारखी गोल नखांची रांग नव्हती. अनेक जातींत फक्त अंगठ्याला नखी होती, आणि शेवटच्या काळातल्या टायटॅनोसॉरमध्ये बहुतेकांची तीही गेली होती. मागचं पाऊल मोठं, टाचेखाली मांसल गादी आणि आतल्या बाजूच्या तीन बोटांना मोठ्या नख्या. म्हणजे पुढचा पाय आणि मागचा पाय एकाच साच्यातून काढला, तर दोन्ही चुकले.

तुकडा खरा, जागा चुकीची

इंग्लंडमध्ये गिडिअन मँटेल यांनी १८२५ मध्ये इग्वानोडॉनचं वर्णन केलं, तेव्हा हातात होते दात आणि मोजकी हाडं. त्यात एक शंकूसारखा काटा होता. तो गेंड्यासारखा नाकावर बसवला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ साली उभे केलेले नाकावर शिंगवाले इग्वानोडॉन अजूनही बघायला मिळतात. बेर्निसारला अख्खे सांगाडे मिळाले तेव्हा समजलं, की तो हाताच्या अंगठ्याचा काटा आहे. नाकावर होता तेव्हा त्याचं ‘काम’ एक होतं, अंगठ्यावर आल्यावर निराळं झालं. काम ठरवण्याआधी जागा ठरवायला हवी, हे यावरून मुलांना चटकन कळतं.

आता स्टेगोसॉरस. शाळांमधला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात जास्त चुकलेला.

पहिली चूक: पाट्या मणक्यांना चिकटवणं. मुलं पुठ्ठ्याच्या पाट्या कापून कण्याच्या तारेलाच टाचतात, जणू त्या मणक्यातून उगवल्या आहेत. खरं तर या पाट्या कण्याला कुठेच जोडलेल्या नव्हत्या. त्या कातडीत वाढणारी हाडं होती, ज्यांना ऑस्टिओडर्म म्हणतात. मगरीच्या पाठीवरचे टणक उंचवटे त्याच प्रकारातले. प्राणी मेला, कातडी कुजली, की पाट्या सुट्या होऊन विखुरायच्या. म्हणूनच त्या कशा बसवायच्या यावर इतकी वर्षं वाद झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ ओथनिएल मार्श यांनी १८७७ मध्ये या प्राण्याला नाव दिलं तेव्हा त्यांना वाटलं, की पाट्या पाठीवर कौलांसारख्या आडव्या बसत असतील. स्टेगोसॉरस या नावाचा अर्थच ‘छपरवाला सरडा’ असा आहे. छप्पर गेलं, नाव राहिलं.

दुसरी चूक: पाट्यांच्या जोड्या लावणं, डावीकडे एक, तिच्या बरोबर समोर उजवीकडे एक. कोलोरॅडोमध्ये कॅन्यन सिटीजवळ १८८६ मध्ये एक सांगाडा जवळपास जसाच्या तसा निघाला. तो इतका चपटा झालेला होता, की गाडीखाली आलेल्या जनावराची उपमा त्याला आजही दिली जाते. त्यात पाट्या दोन रांगांत, पण आलटून पालटून बसलेल्या दिसतात. पुढे १९९२ मध्ये त्याच परिसरात आणखी एक सांगाडा मिळाला आणि हीच मांडणी पक्की झाली. पाट्यांची संख्या १७ ते २२, आणि सगळ्यात मोठी कमरेच्या आसपास, साधारण ६० सेंटिमीटर उंच. मानेपासून शेपटीपर्यंत सगळ्या एकाच मापाच्या कापू नका.

तिसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती फलकावर होते: ‘पाट्या ही ढाल होती’. या पाट्या आतून जाळीदार आहेत. हाड पातळ, त्यात रक्तवाहिन्यांचे मार्ग. अशा हाडाची ढाल काय कामाची? शिवाय त्या वर उभ्या आहेत, कुशी उघड्याच राहतात. मांसभक्षकाने बाजूने तोंड घातलं तर पाटी मध्ये येतच नाही. रक्तवाहिन्या बघून काही अभ्यासकांनी पाट्यांना उष्णतेशी जोडलं: उन्हात धरल्या की रक्त तापेल, वाऱ्यात धरल्या की निवेल. थोडाफार तसा उपयोग झालाही असेल. पण स्टेगोसॉरसच्या नातेवाइकांकडे पाट्यांऐवजी बरेचसे काटेच होते, आणि काट्यांनी अंग निवत नाही. प्रत्येक जातीची मांडणी निराळी असणं, हे आपल्या जातीचा ओळखता यावा आणि दिसण्यात रुबाब यावा याकडे जास्त बोट दाखवतं. २०१० मध्ये हेस्परोसॉरस या जवळच्या नातेवाइकाच्या पाटीवर शिंगासारख्या आवरणाचा ठसा नोंदवला गेला. म्हणजे जिवंतपणी पाटी हाडापेक्षा मोठी, गुळगुळीत आणि धारदार कडेची असणार. पाटीची कड जाड पुठ्ठ्याची बोथट ठेवण्यापेक्षा वरून पातळ प्लॅस्टिकची पट्टी लावलीत तर ते वास्तवाच्या जास्त जवळ जाईल.

खरं हत्यार शेपटीवर होतं: चार लांब काटे. ते वर आकाशाकडे रोखू नका, बाजूंना काढा, कारण शेपटी आडवी फिरायची. एका अभ्यासात ५१ काटे तपासले तेव्हा साधारण दहा टक्के काट्यांच्या टोकांना इजा झालेली आढळली. आणि ॲलोसॉरस या मांसभक्षकाच्या शेपटीच्या एका मणक्यात असं भोक सापडलं आहे, ज्यात स्टेगोसॉरसचा काटा चपखल बसतो. इथे ‘संरक्षणासाठी’ लिहा, बिनधास्त लिहा. त्याला पुरावा आहे.

जाता जाता: ‘स्टेगोसॉरसला कमरेत दुसरा मेंदू होता’ हे वाक्य फलकावरून काढून टाका. डोक्यातला मेंदू साधारण ८० ग्रॅमचा, हे खरं. कमरेच्या मणक्यात मोठी पोकळी होती, हेही खरं. पण तशी पोकळी आजच्या पक्ष्यांतही असते आणि तिथे मेंदू नसतो, ग्लायकोजेनने, म्हणजे साठवलेल्या साखरेने, भरलेला एक अवयव असतो.

शिंग म्हणजे नुसतं हाड नव्हे

लहानपणी मामाच्या गावी एका बैलाचं शिंग गोठ्याच्या गजात अडकलं होतं. त्याने हिसका दिला आणि शिंगाची वरची खोळ अख्खी निघून आली. आत जे दिसलं ते मी विसरलेलो नाही: रक्ताने माखलेलं, खडबडीत, शिंगापेक्षा कितीतरी आखूड आणि बोथट हाड. पोळ्याला आपण शिंगं साळतो, रंगवतो, बेगड लावतो, ती सगळी ही वरची खोळ. तिच्यात नसा नसतात, म्हणून बैल शांत उभा राहतो. आतलं हाड मात्र जिवंत असतं.

ट्रायसेराटॉप्सचं अगदी असंच होतं. संग्रहालयात आणि फोटोत दिसतं ते शिंगाचं आतलं हाड. त्याच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांचे चर दिसतात, आणि ते चर सांगतात की यावर केराटिनची, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्या पदार्थाची, खोळ होती. मुलं सांगाड्याचा फोटो बघून तेवढंच शिंग करतात, म्हणून मॉडेलचा चेहरा बोथट दिसतो. हाडाच्या मापावर आणखी लांबी चढवा, टोक निमुळतं करा, रंगही हाडाचा पांढरा देऊ नका. म्हशीच्या शिंगाचा रंग जवळचा वाटेल. हाड आणि खोळ यांतला हा फरक इतका फसवा आहे, की डेन्व्हरजवळ १८८७ मध्ये ट्रायसेराटॉप्सच्या शिंगांची जोडी सापडली तेव्हा खुद्द मार्श यांनी ती अवाढव्य रानगव्याची, म्हणजे बायसनची, समजून तसं नावही दिलं. दोन वर्षांनी पुरेशी कवटी हाती आली आणि ट्रायसेराटॉप्स हे नाव आलं.

मग झालर. ट्रायसेराटॉप्सची झालर भरीव हाडाची आहे, तिला ढाल म्हणायला मन धजावतं. पण त्याच्याच घराण्यातल्या बहुतेकांच्या झालरीत दोन मोठ्या खिडक्या असतात, वरून फक्त कातडी ताणलेली. सगळ्या घराण्याच्या झालरीला एकच काम देऊन भागत नाही. ट्रायसेराटॉप्सपुरतं बोलायचं तर पुरावा असा: २००९ मध्ये अँड्र्यू फार्के आणि सहकाऱ्यांनी ट्रायसेराटॉप्सच्या आणि त्याच घराण्यातल्या सेंट्रोसॉरसच्या कवट्यांवरच्या जखमा मोजल्या. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीच्या बाजूच्या हाडावर जखमा बऱ्याच जास्त होत्या, शिंगाला शिंग भिडवून लढताना समोरच्याचं टोक लागेल तिथेच. सेंट्रोसॉरसला डोळ्यांवर तशी लांब शिंगंच नव्हती. दोन रेडे भिडलेले पाहिलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजवावं लागत नाही. झालर कामाला आली ती बरीचशी आपल्याच जातीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर.

पिल्लू करणार असाल तर मोठ्या प्राण्याची छोटी प्रत करू नका. पिल्लांची शिंगं आधी बोटभरही नसलेली टोकं असायची, मग ती मागे वळायची आणि वाढीच्या शेवटी पुढे वळायची. जॉन हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी वेगवेगळ्या वयाच्या कवट्या रांगेत लावून हे दाखवलं. वयाबरोबर रूप इतकं पालटतं, तेव्हा त्या रूपाचा संबंध वयात येण्याशी असणार, हा अंदाज वावगा नाही.

आणि डोकं जड होऊन मॉडेलची मान वाकत असेल, तर प्राण्याकडेच उपाय आहे. कवटी दोन मीटरच्याही वर, म्हणून मानेचे पहिले काही मणके एकमेकांत जुळून एकच भक्कम हाड झालेलं होतं. तुम्हीही मानेच्या पुढच्या भागात दोन तारा पिळून घाला आणि डोक्याच्या आत थर्माकोल ठेवा.

‘संरक्षणासाठी’ लिहिण्याआधी

अँकिलोसॉर मंडळींचं सगळं अंग कातडीतल्या हाडांनी मढलेलं होतं. काहींच्या तर पापणीतही हाड होतं. हे चिलखत संरक्षणाचं होतं यावर वाद नाही. मात्र शेपटीची गदा नीट पाहा. टोकाचा गोळा कातडीतल्या हाडांचाच, आणि त्याच्यामागचे मणके एकमेकांत अडकून काठीसारखा ताठ दांडा झालेला. शेपटी हलायची ती बुडापाशी, आडवी. मुलं ती सापासारखी वळवून वर उचलतात. अर्धी शेपटी वळूच शकत नव्हती हे लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे सगळ्याच चिलखतवाल्यांना गदा नव्हती. नोडोसॉर या शाखेकडे ती नाहीच.

ही गदा टायरॅनोसॉरचे पाय मोडायला होती, असं आपण वर्षानुवर्षं लिहीत आलो. मोठी गदा हाड मोडू शकत होती, हे गणिताने दाखवलंही गेलं आहे. पण माँटानात सापडलेल्या झूल नावाच्या अँकिलोसॉरच्या कुशीवर, कमरेजवळ, मोडून भरून आलेले काटे आढळले, तेही वेगवेगळ्या टप्प्यांवर बरे झालेले. व्हिक्टोरिया आर्बर आणि डेव्हिड इव्हान्स यांनी २०२२ मध्ये त्याचा अर्थ लावला तो असा, की या गदेच्या जखमा आहेत, म्हणजे हे प्राणी आपापसात लढत होते. शत्रूचे वार असते तर ते एवढे नेमके दोन्ही कुशींवर सापडले नसते.

पॅकिसेफॅलोसॉरच्या घुमटासारख्या डोक्याचंही तसंच. २०१३ च्या एका तपासणीत १०९ घुमटांपैकी २२ टक्क्यांवर जखमांच्या खुणा मिळाल्या. तिथेही समोर आपलाच जातभाई असण्याची शक्यता मोठी.

म्हणून फलक लिहिताना मुलांना मी हाडाकडे बघायला लावतो. ते कशाला जोडलेलं आहे? आतून भरीव की जाळीदार? त्यावर मोडून भरल्याच्या खुणा आहेत का, आणि कुठे? पिल्लात होतं का? या उत्तरांतून जे निघेल ते लिहायचं, मग ते दोन-तीन कामं निघाली तरी चालतील. बैलाचं शिंग लांडग्यावरही चालतं आणि दुसऱ्या बैलावरही.

तुरा: नळी आहे, दांडकं नाही

पॅरासॉरोलोफसचा तुरा भरीव दांडक्याचा केला की डोकं जड होतं, आणि मॉडेल पुन्हा नाकावर. मूळ तुरा आतून पोकळ आहे. कवटी तुऱ्यासकट साधारण १.६ मीटर. नाकपुड्यांपासून नळ्या तुऱ्यात वर जातात, टोकापाशी वळतात आणि परत खाली येतात. विल्यम पार्क्स यांनी १९२२ मध्ये हा प्राणी जगासमोर आणला. त्यानंतर कुणी म्हणालं, पाण्याखाली श्वास घ्यायची ही नळी. पण टोकाला भोकच नाही, मग हवा येणार कुठून? ही कल्पना अजूनही कधीतरी फलकावर दिसते. ती काढा.

आपल्याला समजायला तुतारी पुरेशी आहे. वळलेली नळी, लांब हवेचा स्तंभ, खालच्या पट्टीचा दमदार आवाज. डेव्हिड वाइशॅम्पल यांनी १९८१ मध्ये या नळ्यांचं ध्वनिशास्त्र मांडलं. पुढे १९९५ मध्ये न्यू मेक्सिकोत एक चांगली कवटी मिळाली, तिचं सीटी स्कॅन करून अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत संगणकावर तो खोल, घुमणारा आवाज तयारही केला गेला. मॉडेलच्या तुऱ्यात प्लॅस्टिकची नळी दुमडून बसवा आणि एका बाजूने कापून आतला मार्ग दाखवा. बघणाऱ्यांची गर्दी तिथेच होते, हे माझं दर वर्षीचं निरीक्षण आहे.

हाड नसलेला तुराही असायचा, हे विसरू नका. पॅरासॉरोलोफसच्याच घराण्यातल्या एडमॉन्टोसॉरस रेगॅलिसच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मऊ तुरा होता, हे कॅनडात मिळालेल्या एका नमुन्यामुळे २०१३ मध्ये कळलं. कातडी टिकून राहिली नसती तर कवटीवरून ते कधीच कळलं नसतं.

कातडी: साप नको, मगरही नको

मुलं माशासारखे, एकावर एक चढलेले खवले कोरतात. एडमॉन्टोसॉरसची कातडी आपल्याला चांगली माहीत आहे. १९०८ मध्ये चार्ल्स स्टर्नबर्ग आणि त्यांच्या मुलांना वायोमिंगमध्ये कातडीच्या ठशांसकट वाळलेल्या प्रेतासारखा नमुना मिळाला. तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. खवले बारीक, खड्यांसारखे, एकमेकांना लागून, पण एकावर एक नाहीत. ओल्या लगद्यावर साबुदाणा दाबून, सुकल्यावर रंग दिला की तो पोत फार छान जमतो. पोटाकडे आणि सांध्यांपाशी बारीक दाणे घ्या, नाही तर कातडी हलणार कशी?

त्याच नमुन्याच्या हातावर बोटांभोवती कातडीचा मोजा दिसला, त्यावरून हा प्राणी बदकासारखा पोहायचा असं ठरवलं गेलं. ते पडदे नव्हते. मधली बोटं एकत्र धरून चालताना भार पेलणारी ती गादी होती. मॉडेलला पोहायचे पंजे लावू नका.

सगळ्यांना खवलेच होते असंही नाही. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या संग्रहालयात सिटॅकोसॉरस या ट्रायसेराटॉप्सच्या छोट्या नातेवाइकाचा एक नमुना आहे. त्याच्या अंगावर खवले, पण शेपटीवर लांब, राठ केसांसारख्या काड्यांची रांग. त्याच नमुन्यात रंगद्रव्याच्या खुणाही उरल्या: पाठ गडद, पोट फिकं. हरणाकडे पाहा. वरून ऊन पडलं की पोटाखाली सावली येते, आणि फिकं पोट ती सावली पुसून टाकतं. २०१६ मध्ये जेकब विंथर यांच्या गटाने यासाठी काय केलं? मॉडेल केलं! बॉब निकल्स या कलाकाराने तो प्राणी पूर्ण आकारात घडवला, मग ब्रिस्टलच्या वनस्पती उद्यानात मॉडेल ठेवून उघड्यावर आणि झाडाखाली सावल्या कशा पडतात ते तपासलं. रंगाची मांडणी झाडीतल्या पसरट उजेडाशी जुळली. मुलांना हे जरूर सांगा. आपण हॉलमध्ये जे करतो, त्याच कामाने एका प्राण्याचं राहण्याचं ठिकाण उमगलं.

कॅनडातल्या आल्बर्टाच्या खाणीत २०११ मध्ये सापडलेला बोरिअलोपेल्टा हा तर चिलखतासकट टिकलेला. खडक सोडवायला मार्क मिचेल यांना सुमारे ७,००० तास लागले, आणि प्राण्याच्या पूर्ण शास्त्रीय नावात त्यांचं नाव आलं. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट. साडेपाच मीटरच्या चिलखती प्राण्यालाही लपावं लागत होतं. तेव्हा जिथे पुरावा नाही तिथे रंग तुमचा, पण पोट पाठीइतकंच गडद रंगवण्याआधी एकदा थांबा.

टेबलावरची हिरवळ, आणि चंद्रपूर

मॉडेलखाली प्लॅस्टिकची हिरवळ अंथरायची पद्धत आहे. स्टेगोसॉरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा गवत नव्हतं. नेचे, सायकॅड, सूचिपर्णी झाडं ठेवा. बाजूला ट्रायसेराटॉप्सही उभा करू नका. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा.

हिरवळ वापरायचीच असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातला प्राणी करा. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉर असताना गवत होतं याचा तो मोठा पुरावा ठरला, आणि ती विष्ठा बहुधा टायटॅनोसॉरची. त्याच भागातल्या डोंगरगावच्या टेकडीवर आयसीसॉरस हा टायटॅनोसॉर मिळाला. १९९७ मध्ये त्याचं वर्णन झालं, २००३ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या नावावरून हे नवं नाव मिळालं. दंडाचं हाड जवळपास दीड मीटरचं. टायटॅनोसॉरच्या कातडीतही कधी कधी हाडं असायची. मादागास्करच्या रापेटोसॉरसमध्ये असं एक हाड आतून पोकळ निघालं, आणि ते खनिजांचा साठा असावं असं २०११ मध्ये सुचवलं गेलं: उन्हाळ्यात किंवा अंड्यांच्या वेळी वापरायची शिल्लक. चिलखत समजून अंगभर गोळे लावण्याआधी हे आठवा, मोजकेच लावा.

गेल्या खेपेला आठवीतल्या एका मुलीने हा आयसीसॉरस केला. डोंगरगावच्या सांगाड्यात कवटी नव्हती, मागचे पायही नव्हते. तिने मिळालेले भाग तपकिरी रंगवले आणि न मिळालेले भाग तसेच करड्या मातीचे ठेवले. फलकाच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन काढले, एक तपकिरी, एक करडा, आणि पुढे लिहिलं: ‘सापडलं’, ‘नातेवाइकांवरून केलं’. तुम्ही कुठलाही प्राणी करा, ते दोन चौकोन फलकावर काढायला जागा ठेवा.